जर्मन बाई आणि ‘व्हय म्हाराजा’

हसायचं नाही, अशी आधी शपथ घ्या. जाऊ दे, नका घेऊ. तुम्ही हसणारच. निदान तोंडातला चहा तेवढा गिळून टाका, म्हणजे माझ्या शर्टावर यायचा नाही. कारण मी जे करून बसलोय ते आमच्या मसुऱ्यात आजवर कुणी केलेलं नाही, आणि ते करायला मी पार पुण्यापर्यंत गेलो होतो!

तर मी दिगंबर. घरात दिगू, वाडीत दिग्या. इंजिनिअर झालो आणि डोक्यात भरलं की जहाजं बांधायला शिकायचं. खाडीतल्या होड्या बघत वाढलेला माणूस दुसरं काय शिकणार? जर्मनीतल्या एका विद्यापीठानं जागाही देऊ केली. अट एकच. शिकवणं सगळं जर्मनमधून, तेव्हा सी-वन नावाची वरची परीक्षा पास होऊन या. तिचे चार भाग: वाचणं, लिहिणं, बोलणं आणि ऐकणं. वाचण्यात पास. लिहिण्यात पास. बोलण्यात तर चांगले मार्क. आणि ऐकण्यात नापास!

आता हे घरी कसं सांगणार? बाबा मुंबईला नोकरीत, त्यांना फोनवर सांगितलं तर ते म्हणाले, "अरे, पण मी हंय सगळ्यांका पेढे दिलंय!" आणि आई? आईनं विचारलं,

"ऐकूक नापास? म्हणजे तुका ऐकाक येणा नाय?"

"येता गो आये. पण परीक्षेत..."

"लहानपणीपासून मी सांगतंय, हो पोरगो कायएक ऐकणा नाय! आता जर्मनीवाल्यांकाय कळला."

असं म्हणून तिनं खोबरेल कोमट केलं आणि माझ्या दोन्ही कानांत ओतलं. सी-वनची तयारी ही अशी सुरू झाली.

त्यातल्या त्यात बरं एवढंच की फक्त हा एकच भाग पुन्हा द्यायचा होता. पण कॉलेज सुरू व्हायच्या आत. नाहीतर जागा गेली, आणि जागेबरोबर बाबांचे पेढेही फुकट गेले.

माझा दोष कानात नव्हताच हो. दोष झोपेत होता! ही परीक्षेची रेकॉर्डिंग तुम्ही कधी ऐकली आहेत? त्यात कोणी कधी भांडत नाही. कोणी कोणाची जमीन लाटत नाही. एक बाई दुसऱ्या बाईला शहरातल्या मधमाश्यांबद्दल शांतपणे विचारते आणि ती दुसरी त्याहून शांतपणे सांगते. वाक्य एवढं लांब की बाई वाक्यात शिरली की बाहेर कधी येईल याचा भरवसा नाही. तोवर माझं लक्ष खिडकीबाहेरच्या फणसावर. फणस बघून झाला की डोळे जड. त्यात अभ्यासाची वेळ दुपारची, पोटात बांगड्याचं तिखलं आणि उकड्या तांदळाचा भात. मला सांगा, अशा अवस्थेत जागा कोण राहील? प्रत्यक्ष जर्मन माणूससुद्धा आडवा होईल!

ऑनलाइन शिकवणाऱ्या आमच्या मॅडम पुण्याच्या. त्यांनी बजावलं होतं, "दिगंबर, इयरफोन लावायचे नाहीत. परीक्षेत आवाज भिंतीवरच्या स्पीकरमधून येतो. कोणी खोकेल, कोणी खुर्ची सरकवेल, तिकडे लक्ष द्यायचं नाही. समोर बॉम्ब फुटला तरी कान रेकॉर्डिंगवर." म्हणून मी भजनाचा मोठा स्पीकर मागून आणला, पडवीत लावला आणि रोज त्याच्यासमोर बसून घोरू लागलो.

स्पीकर होता बाबूकाकांचा. बाबूकाका आमचे भाऊबंद, शेजारचंच घर. गावात गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा. तुमच्यात कोणी घाटावरचं असेल तर सांगतो. गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे नारळ ठेवून सगळ्यांच्या वतीनं मोठ्यानं मागणं मागायचं. "बा देवा म्हाराजा, ह्या लेकरान तुझ्याकडे नारळ ठेवलेलो आसा, तो मान्य करून घे..." असं एकेक वाक्य सुटतं, आणि प्रत्येक वाक्याला जमलेली सगळी मंडळी एका आवाजात म्हणते, "व्हय म्हाराजा!" बाबूकाकांचा आवाज असा की त्यांनी देवळात गाऱ्हाणं घातलं की नदीपलीकडची माणसंही हात जोडतात.

तर एका दुपारी काका स्पीकरची चौकशी करायला आले, आणि बघतात तो बाई बोलतेय आणि मी भिंतीला टेकून तोंड उघडं टाकून पडलोय.

"रे दिग्या! अभ्यास करतंस काय घोरतंस?"

"काका, काय करू? ऐकाक बसलंय की झोप येता."

"येतली नाय तर काय! ती बाय एकटी बोलता आणि तू गप. माका सांग, गाऱ्हाण्याक माणसा उपाशीपोटी उन्हात उभी ऱ्हवतत. आजवर कोण निजलो?"

"कोण नाय."

"कित्याक?"

"देवाच्या भीतीन?"

"देव खंय रागावता मेल्या! निजणत नाय, कारण जबाब देवचो लागता. वाक्य खंय संपता ता बघीत ऱ्हवाचा लागता. संपला की व्हय म्हाराजा! निजतलो कसो?"

मी ताडकन उठून बसलो. खरंच की! लहानपणापासून मी इतकी गाऱ्हाणी ऐकली, एकदाही डुलकी लागली नाही. मी रेकॉर्डिंग पहिल्यापासून लावलं. बाई बोलू लागली. वाक्य वळणं घेत घेत चाललं, चाललं, आणि संपलं.

"व्हय म्हाराजा!" काका गरजले. मीही गरजलो.

पुढचं वाक्य. "व्हय म्हाराजा!" त्यापुढचं. "व्हय म्हाराजा!" स्वयंपाकघरातून आईचाही आवाज आला, "व्हय म्हाराजा!" तिला कशाला व्हय ते ठाऊक नव्हतं, पण गाऱ्हाणं चालू असताना गप्प बसायचं नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. आणि काय आश्चर्य! त्या दुपारी मधमाश्या संपेपर्यंत मी टक्क जागा. सगळं ऐकलं, सगळं कळलं! डोळ्यांत पाणी आलं हो माझ्या. काकांच्या पाया पडलो.

मग काय विचारता? दोन-चार दिवसांत आमचं खळं, म्हणजे घरापुढचं अंगण, भरू लागलं. बायका सुपाऱ्या घेऊन सोलायला आमच्याकडेच येऊन बसायच्या. मी डोळे मिटून स्पीकरसमोर, काका माझ्या बाजूला, आणि बाईचं वाक्य संपलं की अख्खी वाडी म्हणायची, "व्हय म्हाराजा!" आईला तर त्या बाईचा लळा लागला. "कशी सावकाश बोलता बघ. चांगल्या घरातली आसा." एकदा रेकॉर्डिंग बदललं तर म्हणाली, "आज बायचो आवाज बसलोसो वाटता. आला घालून चाय घेवक सांग तिका."

रस्त्यानं जाणारे पर्यटक गाडी थांबवून विचारायचे, "इथे प्रवचन असतं का?"

"व्हय," काका सांगायचे. "थेट जर्मनीसून येता."

इथवर सगळं झकास होतं. पण सवय ही चीज वाईट. ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं म्हणजे विचार करावा लागत नाही ना, तोंडच म्हणून टाकतं! आणि मॅडमनी सांगितल्याप्रमाणे मी आजूबाजूच्या आवाजांकडे ढुंकून बघत नव्हतो. एके दिवशी डोळे मिटून बसलो होतो, बाई कारखान्यातल्या कामाच्या वेळांबद्दल सांगत होती, आणि माझ्या डाव्या बाजूला कोणीतरी मध्ये मध्ये पुटपुटत होतं. मी अजिबात लक्ष दिलं नाही. उलट मनात म्हटलं, वा दिगंबर! काय एकाग्रता! काय तयारी!

ते पुटपुटणारे होते माझे मामा. खारेपाटणहून आले होते. आणि ते काय पुटपुटत होते, ते मला मागाहून आईकडून कळलं.

"दिगू, तुझ्यासाठी एक चेडू बघून ठेवलंय. बरा शिकलेला आसा."

बाईचं वाक्य संपलं. मी म्हटलं, "व्हय म्हाराजा!"

"तुका पसंत आसात तर बोलणी करूया."

"व्हय म्हाराजा!"

"तर मग ह्या ऐतवारी तेंका हंयसर घेवन येव?"

"व्हय म्हाराजा!"

आणि माझ्यामागोमाग अख्ख्या वाडीनं! मामांच्या आयुष्यात एवढं एकमुखानं ठरलेलं लग्न त्यांनी बघितलं नव्हतं. ऐकायचा अभ्यास मी असा जोरात केला की शेजारी बसलेल्या सख्ख्या मामाचं ऐकू आलं नाही!

रविवारी सकाळी आई मला इस्त्रीचा शर्ट घाल म्हणाली, तेव्हा मला पत्ता लागला.

"आये, मी खंय व्हय म्हटलंय?"

"खळ्यात! मामाच्या तोंडार! सगळ्या वाडीन ऐकला."

"अगो, ता मी त्या बाईक म्हणा होतंय!"

"ती बाय तुका लगीन करतंस काय म्हणान इचारी होती?"

मी शर्टात हात घालतोय तोवर अंगणात गाडी थांबलीसुद्धा.

मुलीचं नाव वृषाली. कसालला औषधांच्या दुकानात काम करते. चहापोहे झाले, आणि मोठ्या मंडळींनी आम्हाला मागच्या परसात पाठवलं, ‘दोगा बोला’ म्हणून. ती केळीजवळ उभी राहिली, माझ्याकडे सरळ बघितलं आणि म्हणाली, "तुमका लगीन करूचा नाय, असा दिसता."

"व्हय," मी म्हटलं.

"माकाय आता करूचा नाय. मी आपला दुकान काढतलंय."

"व्हय."

"मगे मामांक तसा सांगलात कित्याक नाय?"

मी सगळी कथा सांगितली. मधमाश्या, काका, गाऱ्हाणं, सगळं. ती केळीच्या बुंध्याला हात टेकून हसली. डोळे पुसले. मग एकदम गंभीर होऊन म्हणाली, "एक सांगू? त्या परीक्षेत सगळाच खरा असता काय?"

"नाय. काही विधानं बरोबर, काही चूक. ओळखून खूण करायची."

"मगे सांभाळा हां. इतक्या व्हय व्हय म्हणाची सवय लागली, तर नाय खयसून येतला?"

आता इथे शहाणा माणूस काय करील? थांबेल. विचार करील. मी काय केलं? मी म्हटलं, "व्हय."

ती आत गेली आणि भरल्या पडवीत, हातात बशी धरलेल्या मोठ्यांसमोर, स्वच्छ आवाजात म्हणाली, "माका ह्या लगीन करूचा नाय." बस्स! एका वाक्यात खेळ खलास. मामांना पोह्यांचा ठसका लागला. मी मनातल्या मनात तिला साष्टांग नमस्कार घातला, पण तिनं सांगितलेलं मात्र त्याच संध्याकाळी विसरून गेलो.

परीक्षेचा दिवस आला. मला काळजी एकाच गोष्टीची: हॉलमध्ये तोंडातून काही निघता कामा नये. म्हणून मोठा रुमाल बरोबर घेतला होता. आईनं कपाळाला अंगारा लावला होता, काकांनी बसस्टँडवर पाठ थोपटली होती. पुण्यातला तो हॉल गार, माणसं चिडीचूप. बाहेरगावचे डॉक्टर काय, नर्स काय, इंजिनिअर काय, सगळे पेन सरसावून बसलेले. कागद वाटले. भिंतीवरच्या स्पीकरमधून बाई बोलू लागली. आणि खरं सांगतो, तो आवाज ऐकून मला घरच्यासारखं वाटलं. खळं दिसलं, सुपाऱ्या दिसल्या, आई दिसली. बाईचं पहिलं लांबलचक वाक्य संपलं.

"व्हय म्हाराजा!"

रुमाल खिशातच राहिला होता हो!

अख्खा हॉल दचकला. माझ्या पुढच्या मुलीचं पेन उडालं. देखरेख करणारे गृहस्थ धावत आले. "काय झालं? बरं वाटत नाही का?" मी कानाच्या पाळ्या धरल्या, रुमाल काढून तोंडात कोंबला आणि मानेनं सांगितलं, आता नाही. ते पुढे सगळा वेळ माझ्याच बाकाजवळ उभे राहिले. पण पुढे सगळं सुरळीत! रुमालाच्या आत, मनातल्या मनात, प्रत्येक वाक्याला मी ‘व्हय म्हाराजा’ म्हणत गेलो. डुलकी नाही की जांभई नाही. वाक्य संपलं, व्हय म्हाराजा, खूण. वाक्य संपलं, व्हय म्हाराजा, खूण. असा पेपर मी उभ्या आयुष्यात सोडवला नव्हता. वाटलं, जहाजं बांधली आता! बाबांना सांगावं, आणखी पेढे आणा.

बाहेर आलो तर व्हरांड्यात पोरं आपसात उत्तरं पडताळत होती. ज्या मुलीचं पेन उडालं होतं ती म्हणाली, "तो शेवटचा भाग काय फसवा होता ना! जवळजवळ सगळी विधानं चूक होती."

मी म्हटलं, "काय?"

"अहो, बाई सांगत होती एक आणि कागदावर बरोबर त्याच्या उलट छापलं होतं. तुम्ही किती ठिकाणी चूक म्हटलंत?"

मी आठवू लागलो. पहिलं विधान... बरोबर. दुसरं... बरोबर. तिसरंही बरोबर... मी व्हरांड्यातल्या पायरीवर बसलो. एकाही ठिकाणी, अहो एकाही ठिकाणी, मी ‘चूक’ अशी खूण केलेली नव्हती! बाई बोलली, तिला व्हय म्हाराजा. कागदावर तिच्या उलट छापलेलं, त्यालाही व्हय म्हाराजा! जागा होतो. सगळं ऐकलं होतं. सगळं कळलं होतं. फक्त नाही म्हणायचं राहून गेलं होतं.

मग मला केळीजवळ उभी असलेली वृषाली आठवली, आणि मी तिथेच, त्या पायरीवर, स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली.

निकाल काय लागला, ते तुम्ही ओळखलंच असेल. फार वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? दोन दिवस जेवण गेलं नाही. बाबा फोनवर नुसतं "हरकत नाय" म्हणाले, आणि त्यानं जास्तच वाईट वाटलं. मग धीर करून विद्यापीठाला लिहिलं, हातापाया पडलो. त्यांनी जागा एक सत्र पुढे ढकलली. वर स्पष्ट बजावलं, यापुढे नाही. म्हणजे आता शेवटचा डाव.

बाबूकाकांना मी सगळं सांगितलं. ते पडवीच्या खांबाला टेकून बसले. मग म्हणाले, "दिग्या, चूक माझीच. ह्या मीया इसारलंय. गाऱ्हाण्यात नाय म्हणाची सोय नाय! माझ्या बापाशीन घातला, आज्यान घातला, पण ‘नाय म्हाराजा’ आजवर कोण म्हणूक नाय."

"मगे आता काय करूचा काका?"

"काय म्हणजे? देवाकच सांगूया."

तर परवा सकाळी आम्ही देवळात गेलो. आई होती, स्पीकरसमोर बसणारी सगळी वाडी होती. मुंबईहून बाबाही आले होते. मी हात जोडून सगळ्यांच्या पुढे उभा. घरून निघतानाच ठरवलं होतं, आज तोंड उघडायचं नाही. आज फक्त ऐकायचं, विचार करायचा. सवय मोडायची तर इथूनच. ओठ घट्ट दाबून ठेवले होते मी.

काकांनी नारळ ठेवला. आवाज लावला.

"बा देवा म्हाराजा! ह्या दिगंबरान आज तुझ्या पायाकडे नारळ ठेवलेलो आसा..."

"व्हय म्हाराजा!" मंडळी म्हणाली. मी गप्प. शाबास दिगंबर!

"तो जहाजा बांधूची विद्या शिकाक साता समुद्रापलीकडे जावक निघालेलो आसा..."

"व्हय म्हाराजा!" मी गप्प. आईनं तिरक्या नजरेनं माझ्याकडे बघितलं, पण मी ढळलो नाही.

"पण तेच्याकडसून एक चूक झाली. खऱ्याकय तो व्हय म्हणता, खोट्याकय व्हय म्हणता..."

"व्हय म्हाराजा!" मी अजूनही गप्प. कपाळाला घाम फुटला होता, पण गप्प!

काकांनी मोठा श्वास घेतला. आवाज असा चढवला की नदीपलीकडे माणसं उभी राहिली असतील.

"तर बा देवा म्हाराजा, ह्या लेकराक खरा-खोटा कळांदे, आणि जंय नाय म्हणाचा थंय, छातीर हात ठेवन, ‘नाय’ म्हणाची बुद्धी तेका दी रे म्हाराजा!"

आणि सगळ्या मंडळींच्या आधी, सगळ्यांत मोठ्यानं, डोळे मिटून, कोण ओरडलं असेल?

"व्हय म्हाराजा!"